राधेचे ऋण : एका ऑस्ट्रेलियन लघुपटाच्या निमित्ताने

करुणरसाची चर्चा करताना आपल्या समीक्षेने एक गोष्ट बहुधा गृहीत धरलेली असते. ज्याच्या दुःखाने सहृदयाने व्याकूळ व्हावयाचे तो आणि ज्याच्या हातून ते दुःख ओढवले तो, या दोन व्यक्ती निराळ्या असतात, हे ते गृहीत होय. भवभूतीच्या रामाचा थोर अपवाद सोडला, तर आपल्या नाटकांत, कथांत आणि चित्रपटांत करुणाचे आलंबन कोण आणि अन्यायाचा कर्ता कोण, याविषयी संदेह सहसा राहत नाही. कोणासाठी अश्रू ढाळावयाचे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. ट्रेसी मोफॅट या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिकेचा ‘नाइट क्राइज’ हा अवघ्या १७ मिनिटांचा लघुपट प्रेक्षकाची ही सोय काढून घेतो. १९८९ साली तयार झालेला आणि १९९० मध्ये कान येथील महोत्सवात लघुपटांच्या स्पर्धेत दाखविला गेलेला हा चित्रपट आता जुना म्हणावा लागेल. त्याच्याविषयी इंग्रजीत लिहिले गेले आहे तेही थोडे नाही. वसाहतवाद, वंश, स्त्रीत्व यांची चर्चा त्या लेखनात विपुल आढळते. मला येथे ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो ऋणाचा आहे. ज्या हातांनी आपल्याला आपल्या माणसांतून उचलून नेले, त्याच हातांनी जर आपले पालनपोषण केले असेल, तर त्या हातांचे आपण काय लागतो?

या प्रश्नाकडे भारतीय काव्यविचाराच्या अंगाने पाहण्यास म्हैसूर हे ठिकाण अनुरूप आहे. येथील महाराजा कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन करणारे सी. डी. नरसिंहय्या यांनी १९५२ पासून ‘लिटररी क्रायटेरियन’ हे नियतकालिक चालविले आणि १९७९ मध्ये ‘ध्वन्यालोक’ ही संस्था उभारली. राष्ट्रकुलातील देशांचे, त्यांतही ऑस्ट्रेलियाचे, वाङ्मय येथे अगत्याने वाचले गेले. आणि ते वाचताना रस-ध्वनीची आपली परिभाषा अडगळीत टाकू नये, असा नरसिंहय्यांचा आग्रह होता. हा आग्रह मला मोलाचा वाटतो. मात्र परिभाषा वापरावयाची म्हणजे कलाकृतीला तिच्या साच्यात बसवावयाचे असे नव्हे. कलाकृतीच्या धक्क्याने साचा कोठे तडकतो हेही पाहिले पाहिजे.

लघुपटाची पूर्वपीठिका दुसऱ्या एका चित्रपटात आहे. चार्ल्स चोव्हेल यांचा ‘जेडा’ (१९५५) हा ऑस्ट्रेलियातील पहिला रंगीत कथापट. गुराढोरांच्या विस्तीर्ण वाडीवर राहणाऱ्या सारा मॅकमान या गोऱ्या स्त्रीचे मूल दगावते. त्याच सुमारास जन्मतःच आई गमावलेली एक आदिवासी मुलगी तिच्या हाती येते. सारा तिला गोऱ्या मुलीसारखी वाढविते, तिच्या जातभाईंपासून कटाक्षाने दूर ठेवते. मुलगी वयात येते तेव्हा रानाची ओढ तिला सोडीत नाही. मारबक नावाचा एक आदिवासी पुरुष तिला पळवून नेतो आणि अखेर दोघेही कड्यावरून कोसळून मरतात. मूल रानाचे असले की ते रानाकडेच जाणार आणि गेले की नष्ट होणार, असा हा निकाल आहे. तो देताना चोव्हेल यांना काही कठोर बोलल्याची जाणीवही झालेली दिसत नाही. मोफॅट यांनी केलेली कल्पना अगदी साधी आहे. जेडा मेलीच नाही, असे त्या धरून चालतात. ती मध्यमवयाची झाली. सारा म्हातारी, पंगू, परावलंबी झाली. आणि त्या ओसाड घरात दोघीच उरल्या.

या कल्पनेमागे इतिहास आहे आणि तो थोडक्यात सांगितलाच पाहिजे. १९३७ मध्ये कॅनबेरा येथे भरलेल्या अधिकाऱ्यांच्या परिषदेने मिश्र रक्ताच्या आदिवासींचे गोऱ्या समाजात सात्मीकरण व्हावे असे धोरण ठरविले. पुढे १९५१ पासून पॉल हॅसलक यांच्या मंत्रिपदाच्या काळात हे धोरण साऱ्याच आदिवासींना लागू झाले. १९१० ते १९७० या काळात दर तिघांतील एका ते दर दहांतील एका आदिवासी मुलाला घरापासून तोडण्यात आले, असा अंदाज १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी-अहवालात आहे. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत क्षमा मागितली. स्वतः मोफॅट, जन्म १९६० चा, आदिवासी मातेची मुलगी. तिसऱ्या वर्षापासून गोऱ्या कुटुंबात वाढलेली. तथापि लघुपटाला आत्मचरित्र समजणे सवंगपणाचे होईल. जेडाला जगविणे ही वाङ्मयीन कृती आहे. एका कथेला दुसऱ्या कथेने दिलेले ते उत्तर आहे.

‘सात्मीकरण’ हा शब्द मी जाणून वापरला. वैद्यकात ‘सात्म्य’ म्हणजे जे सवयीने अंगास मानवते ते. अन्न शरीराला सात्म्य होते तेव्हा शरीर तेच राहते, अन्न मात्र अन्न म्हणून उरत नाही. राज्यकर्त्यांच्या भाषेत या क्रियेचे वर्णन नेहमी खाणाऱ्याच्या बाजूने होते. मोफॅट यांच्या लघुपटात ते दोन्ही बाजूंनी होते. गोऱ्या घराने पचवून टाकलेली ही मुलगीच आता त्या घराला घास भरविते आहे.

लघुपटात संवाद जवळजवळ नाहीत. श्वास, चाकाच्या खुर्चीची कुरकुर, वारा, भांड्यांचे आवाज, दूरची आगगाडी, एवढ्यावर सारे चालते. चित्रण पूर्णपणे स्टुडिओत झाले आहे. जांभळे डोंगर, तांबडी माती, गुळगुळीत चकाकती जमीन, हे सारे रंगविलेले आहे आणि ते रंगविलेले आहे हे लपविलेले नाही. हा देखावा पाहून आल्बर्ट नामाटजिरा (१९०२–१९५९) यांच्या जलरंगांची आठवण होते. ही आठवण केवळ चित्रकलेची नव्हे. पाश्चात्त्य पद्धतीने आपला प्रदेश रंगविणारा हा आदिवासी चित्रकार सात्मीकरणाचा आदर्श म्हणून मिरविला गेला. १९५७ मध्ये त्याला नागरिकत्वाचे पूर्ण हक्क मिळाले. आणि नागरिक या नात्याने हाती आलेले मद्य आपल्या आप्तास दिल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, कारण तो आप्त नागरिक नव्हता. हक्क एकट्याचा आणि नाते गोताचे, या पेचात तो सापडला. लघुपटातील आकाशाचा रंग ज्याला हे ठाऊक आहे त्याला निराळा दिसेल.

आता त्या घरातील कामे पाहा. मुलगी (ही भूमिका मार्सिया लँग्टन या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने केली आहे) आईला भरविते. खुर्ची ढकलीत तिला बाहेरच्या शौचकूपाकडे नेते. बाहेर थांबून राहते. तिच्या चेहऱ्यावर सेवाभावाचे तेज नाही. कंटाळा आहे, चीड आहे, गेलेल्या वर्षांचा हिशेब आहे. दूरच्या प्रवासाच्या जाहिरातींची पत्रके ती चाळते. ती कोठेही जाणार नाही, हे आपल्याला कळते. एका दृश्यात ती आईचे पाय धुते, आणि धुता धुता ख्रिस्ती प्रार्थनागीताची चाल गुणगुणते. मोफॅट यांचा कॅमेरा या ठिकाणी सुरकुतलेल्या गोऱ्या कातडीवरून फिरणारे सावळे हात जवळून दाखवितो. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे, तर विरोधलयीचे याहून नेमके उदाहरण मला चित्रपटकलेत क्वचित आढळले आहे. देखाव्याचा कृत्रिमपणा आणि स्पर्शाचा खरेपणा यांचा विरोध येथे आहे. जग रंगविलेले, पाय मात्र खरे.

मराठी वाचकाला पायांचे एक दृश्य पाठ आहे. ‘श्यामची आई’मध्ये आंघोळीनंतर लेकराच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई अंगावरचे लुगडे पसरून देते. आपल्या मातृत्वकल्पनेचा सारा भर या दृश्यात आहे: आई वाकते आणि लेकरू पाऊल ठेवते. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट १९५३ चा, म्हणजे ‘जेडा’च्या दोनच वर्षे आधीचा. एकाच दशकात दोन देशांनी आपापल्या आईचे आदर्श पडद्यावर घडविले. त्यांतील एक आई स्वतःच्या मुलावर संस्कार करते, तर दुसरी दुसरीच्या मुलीला ‘संस्कृत’ करू पाहते. मोफॅट यांच्या लघुपटात लेकरू वाकते. हे वाकणे कृतज्ञतेचे आहे की मोलकरणीचे, हे कॅमेरा सांगत नाही; ते त्या मुलीला तरी सांगता आले असते की नाही, याची मला शंका आहे.

या ठिकाणी मला उद्योगपर्व आठवते. पांडवांकडे चल, तू ज्येष्ठ कौंतेय आहेस, असे कृष्ण सांगतो तेव्हा कर्णाने दिलेले उत्तर आपण औदार्याचे, मैत्रीचे, स्वाभिमानाचे उदाहरण म्हणून वाचतो. त्या उत्तराचा आरंभ मात्र फार ऐहिक आहे. मला पाहताच राधेला पान्हा फुटला, असे कर्ण म्हणतो. आणि लगेच, तिने माझे मलमूत्र काढले, असेही म्हणतो. माझ्यासारख्याने तिचा पिंड कसा तोडावा, हा त्याचा प्रश्न या शारीर पुराव्यावर उभा आहे. रक्ताच्या नात्यापुढे त्याने ठेवलेला दाखला कुळाचा नाही, प्रेमाच्या घोषणेचाही नाही. तो घाण काढल्याचा आहे. ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि ‘राधेय’ (१९७३) या कादंबऱ्यांनी मराठी मनात कर्णाला अढळ स्थान दिले, पण या वाक्याची खरखर त्यांच्या भरजरी भाषेत हरवून गेली, असे मला वाटते. मोफॅट यांनी महाभारत वाचले असण्याचे काही कारण नाही. तरी बाहेरच्या शौचकूपापर्यंत खुर्ची ढकलीत नेणारी ती मुलगी राधेचेच ऋण फेडीत आहे.

साम्य एवढे आहे म्हणूनच भेद डोळ्यांत भरतो. राधा सूतस्त्री, कर्ण जन्माने राजकुलातला. वरच्यांनी टाकलेले मूल खालच्यांनी उचलले, म्हणून राधेच्या ऋणात कोठे खोट नाही. यशोदेचेही तसेच. आपल्या परंपरेतील पालकमाता गरीब आहेत, गवळणी आहेत, सूतांच्या आहेत. त्यांनी कोणाचे काही हिरावलेले नाही. सारा मॅकमान ही वरच्यांपैकी आहे. तिच्या पान्ह्यामागे कायदा आहे, जमिनीचा पट्टा आहे, आणि जिचे मूल तिने घेतले त्या स्त्रीच्या गोताला त्याच वाडीच्या कडेला ठेवणारी व्यवस्था आहे. तरीही पान्हा खोटा ठरत नाही. पालन खरे आणि अपहारही खरा, अशा स्थितीत पिंडाचे काय करावयाचे, हा प्रश्न व्यासांपुढे या रूपात आला नव्हता. रसचर्चेचा साचा तडकतो तो येथे. म्हातारीचा श्वास थांबतो तेव्हा आपल्याला शोक होतो. त्या शोकाचे आलंबन तीच म्हातारी आहे जिच्यावर आपण रागवावयास हवे होते.

काहींचा आक्षेप असा येईल की, असे करुण चित्र रेखाटून दिग्दर्शिकेने अन्यायाला मऊपणा आणला. मला तो मान्य नाही. अन्याय सौम्य करावयाचा तर अपहार करणाऱ्याला पश्चात्ताप होताना दाखवावे लागते, निदान त्याच्या डोळ्यांत पाणी आणावे लागते. येथे आई काहीच कबूल करीत नाही. ती इतकी जर्जर आहे की तिच्याकडून क्षमायाचनेची अपेक्षाच उरलेली नाही. मुलीला भांडण्यासाठीसुद्धा समोर कोणी नाही. अन्यायाचे शेवटचे रूप हे असू शकते, की जाब विचारण्याचे वय निघून जाते आणि अंग पुसण्याचे काम तेवढे शिल्लक राहते.

माझा स्वतःचा आक्षेप निराळा आहे. लघुपटाच्या चौकटीत जिमी लिटल हे आदिवासी गायक नेटक्या पोशाखात १९६३ सालचे आपले लोकप्रिय भक्तिगीत म्हणताना दिसतात. एका ठिकाणी त्यांचे ओठ नुसतेच हलतात, स्वर येत नाही. देवाशी दूरध्वनीवरून बोलता येते अशा आशयाचे ते गीत, आणि घरात एकमेकींशी एक शब्द न बोलणाऱ्या दोघी, हा विरोध बुद्धीला पटतो. पण तो पटवून घ्यावा लागतो. पाय धुण्याच्या दृश्याला जी माहिती लागत नाही ती या चौकटीला लागते. गायकाचा तो प्रसन्न, सोज्ज्वळ चेहरा सात्मीकरणाचे दुसरे फळ म्हणून दाखविला आहे हे खरे. तरी तेवढ्यापुरती दिग्दर्शिका घराबाहेर येऊन आपल्याला काही सुचवीत आहे असे वाटते, आणि घरातली ती घुसमट क्षणभर सैल होते.

हे सारे दूरच्या खंडातले, असे मानून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही. ‘अॅबोरिजिन’ हाच शब्द घेऊन एके काळी पुण्यात मोठा विचार झाला. ठक्करबाप्पांनी १९४१ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेत या विषयावर व्याख्यान दिले. त्याच संस्थेने १९४३ मध्ये गो. स. घुर्ये यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आदिवासी हे ‘मागासलेले हिंदू’ होत आणि हिंदू समाजात त्यांचे मिसळून जाणे हाच त्यांचा स्वाभाविक मार्ग होय, असे घुर्ये यांचे प्रतिपादन होते. व्हेरियर एल्विन यांच्याशी त्यांचा झालेला वाद प्रसिद्ध आहे. तो वाद पुन्हा वाचताना जाणवते की, दोन्ही पक्षांचे एकक जमात हे आहे. जमात मिसळावी की अलग राहावी? मिसळण्याची क्रिया एका घरात, एका आईच्या मांडीवरून घडते, ही गोष्ट समाजशास्त्राच्या त्या भव्य युक्तिवादात कोठेच दिसत नाही.

ती घडत होतीच. गुन्हेगार जमातींच्या १९११ च्या आणि नंतर १९२४ च्या कायद्याने सरकारला असा अधिकार दिला होता की, अशा जमातींची मुले आईबापांपासून वेगळी काढून सुधारशाळांत ठेवावीत. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ऑस्ट्रेलियातील तरतुदींशी त्याचे साम्य योगायोगाचे नव्हे; आईबापांच्या सहवासाने मूल बिघडते हे गृहीत दोन्हीकडे सारखेच होते. स्वतंत्र भारतात असा कायदा नाही, हा भेद मोठा आहे आणि तो पुसट करता कामा नये. म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात जेनू कुरुबांची मुले आश्रमशाळेत जातात ती कोणी हिसकावून नेली म्हणून नव्हे. येथे क्रम उलटा झाला: राखीव अरण्य, कबिनी धरण, राष्ट्रीय उद्यान, यांच्यापायी आधी कुटुंबेच रानातून उठली, त्यांच्या ‘हाडी’ म्हणजे वस्त्या रानाच्या कडेला आल्या, आणि मध गोळा करणाऱ्यांच्या मुलांना शाळेखेरीज वाट उरली नाही. शाळेची भाषा कन्नड. घरची बोली हाडीत राहते. मातृभाषेतून शिक्षणाचा हिरिरीने पुरस्कार करणारे देबीप्रसन्न पट्टनायक ज्या केंद्रीय भारतीय भाषा संस्थानाचे पहिले संचालक होते, ते संस्थान १९६९ पासून याच शहरात आहे, हेही येथे नमूद करावेसे वाटते. अर्थात शाळाच नकोत असे म्हणणे हे सुखवस्तूंचे अरण्यरुदन होईल. हाडीतल्या आईलाही मुलाने शिकावे असे वाटते. प्रश्न वाङ्मयाचा आहे: हे जे नवे नाते जन्माला येते त्याचे आपण काय चित्रण केले?

मराठीपुरते बोलतो. ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटात ठाकरांचे जग आहे, मधमाश्या आहेत, डोंगर आहे. बाहेरचे कोणी नाही. ते जग स्वयंपूर्ण असल्यामुळेच त्याचे गाणे होऊ शकले. नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ (२००९) या लघुपटात शाळेची ओढ लागलेले पोर आहे. शाळा त्याला बाहेरूनच दिसते. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने (१९८७) शिकून बाहेर पडलेल्याची कोंडी अशा धारेने मांडली की मराठी आत्मचरित्राचा बाजच बदलला, ‘उपरा’ हे नावच सांगते की परतीची वाट उरलेली नाही. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये (१९९४) आईचे नाव आपल्या नावात गुंफले आणि तिच्यापासून झालेली ताटातूट लिहिली. जन्मदात्रीचे ऋण या सर्व पुस्तकांत आहे. वर काढणारा जो हात, म्हणजे वसतिगृहाचा अधीक्षक, आश्रमशाळेतील बाई, आपल्या घरात ठेवून घेणारे गुरुजी, तो माझ्या वाचनात दोनच प्रकारे येतो: एक तर देवमाणूस म्हणून, नाही तर ढोंगी म्हणून. ज्याने माया केली, खरीच केली, आणि त्या मायेनेच मुलाची बोली, देव, जेवण, नाव पुसून टाकले, असा माणूस मराठी कथा-कादंबरीत उभा राहिलेला मला भेटला नाही. त्याला म्हातारपणी कोण भरविते, हा प्रश्न तर दूरच.

असे का झाले असावे? कृतज्ञतेला आपल्याकडे फार मोठे नैतिक स्थान आहे. उपकारकर्त्याविषयी संमिश्र बोलणे कृतघ्नपणात जमा होते. उलट बंडखोर लेखनाला संमिश्र भाव परवडत नाही, कारण त्याची लढाई अजून संपलेली नाही. दोन्ही कारणे समजण्यासारखी आहेत. पण समीक्षकाने तरी या पोकळीची नोंद केली पाहिजे. ‘मुख्य प्रवाहात आणणे’ हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहजतेने वापरतो की, प्रवाहात आणणाऱ्याचे आणि आणल्या गेलेल्याचे पुढे एका छपराखाली काय झाले, हे विचारण्याची आपल्याला आठवणच राहत नाही.

लघुपटात एक जुनी आठवण मध्येच चमकून जाते. समुद्रकिनारा, मुलगी लहान, आई थोड्या अंतरावर खडकावर. बरोबरची पोरे थट्टेने ओले समुद्रशेवाळ तिच्या गळ्याभोवती टाकतात. ती वळून पाहते तो आई दिसत नाही, आणि ती टाहो फोडते. त्या क्षणी तिला हवी असलेली आई कोण, याविषयी प्रेक्षकाला संशय नाही. ती गोरी बाईच. अपहाराचे संपूर्ण यश या एका टाहोत आहे आणि मायेचा संपूर्ण पुरावाही त्यातच आहे. शेवटी आगगाडीच्या फलाटावर म्हातारीचे प्रेत पडलेले दिसते. मुलगी तिच्या शेजारी पोटाशी पाय घेऊन, गर्भातल्या मुलासारखी, निजलेली आहे. तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू येते. ते रडणे जन्मतःच आईला मुकलेल्या जेडाचे असेल, समुद्रकाठच्या त्या मुलीचे असेल, किंवा साराच्या दगावलेल्या मुलाचेही असेल. प्रेत उचलावयास फलाटावर तिच्यावाचून दुसरे कोणी नाही.